हुंकार देणारा

१

जेवणं उरकायची, भांडी घासून पालथी पडायची, सासू ओसरीवर आडवी व्हायची आणि मग श्रावस्ती कानात इअरफोन घालून कामाला लागायची. काम म्हणजे बोलणं.

माहेरी, तामलवाडीत, तिला सगळे मुकी म्हणायचे. चार माणसांत एखादा शब्द बोलली तरी आई चमकून बघायची. अशा पोरीला उमरग्याच्या सासरी नेमकं बोलायचं काम मिळालं, यावर ती मनातल्या मनात पुष्कळ हसली होती.

नवरा, राजपाल, ट्रक चालवायचा. सोलापुरातून माल भरायचा आणि हैदराबाद, विजयवाडा, कधी त्याच्याही पुढं. पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा. गाडीमालक शंभुलिंगअण्णांनी तो काढून टाकला. आताच्या गाड्या एका बोटावर वळतात, दुसरा माणूस काय नुसता खायला पाहिजे का, असं त्यांचं म्हणणं. क्लीनर काय करायचा ते अण्णांना ठाऊक नव्हतं. तो बोलायचा.

"रात्रीची झोप वळखू येती," लग्न नवं असतानाच राजपाल तिला म्हणाला होता. "ती समोरून येती. दुपारची लई लबाड. जेवणासंग गुपचूप गाडीत चढती. तवा दुपारच्याला तू बोलत जा माझ्यासंग."

"काय बोलू?"

"काय बी. भाजीत मीठ किती घातलं ते सांग."

त्यानं फोन असा लावून ठेवला होता, की तिचा नंबर आला की आपोआप उचलला जावा. हात स्टिअरिंगवरच राहावेत म्हणून. तिनंही एक अट घातली. "मी बोलताना थांबले, की तुम्ही हं म्हणायचं. म्हणजे मला कळंल."

"आन न्हाय म्हणलो तर?"

"तर मी ओरडणार."

तो हसला. ती हसली नव्हती.

मीठ काही पुरलं नाही. मग श्रावस्तीनं माहेरच्या शेजारणीची, दगडाबाईची, म्हैस काढली. खरं तर ती म्हैस एकदाच दावं तोडून ग्रामपंचायतीत शिरली होती. पण श्रावस्तीनं तिला शाळेत शिरवलं, दूध डेअरीत शिरवलं, नंतर एका साखरपुड्याच्या मांडवातही शिरवलं. आपल्याला एवढं बोलता येतं, याचं तिचं तिलाच नवल वाटायचं. श्वास घ्यायला ती थांबायची. पलीकडं चाकांची घरघर ऐकू यायची आणि मग त्या घरघरीतून, गोष्ट ऐकणारं पोर देतं तसा, हुंकार यायचा.

"हं."

तो ऐकला की तिला पुढचं सुचायचं.

२

एका खेपेहून राजपाल सकाळी आला, आंघोळ केली, भाकरी खाल्ली आणि आतल्या खोलीत आडवा झाला. दुपारी श्रावस्ती आणि सासू सुमनबाई दारात तूर निवडत बसल्या होत्या. सासूला ती आत्या म्हणायची.

"आत्या, तुरीला भुंगा लागलाय जणू," श्रावस्ती म्हणाली.

"हं," आतून आवाज आला.

सुमनबाईंनी मान वर केली नाही. श्रावस्तीला हसू आलं. "जागेच हायत की. अहो, चहा ठेवू का?"

"हं."

चहा घेऊन ती आत गेली, तर हा गाढ झोपलेला. कूलरचा वारा अंगावर, तोंड भिंतीकडं. गंमत म्हणून ती पलंगाच्या कडेला बसली.

"आज सूर्य मावळतीला, नळदुर्गाकडून उगवला," ती हळूच म्हणाली.

"हं."

"दगडाबाईची म्हैस सरपंच झाली."

"हं."

"मी विहिरीत उडी टाकते."

"हं."

ती तोंडाला पदर लावून हसत होती. हसता हसता तिची नजर त्याच्या पायांकडं गेली. उजवं पाऊल पलंगाच्या फळीला टेकलं होतं आणि फळी हळूहळू दाबत होतं. दाबलं, सोडलं, परत दाबलं. चढ लागल्यावर दाबावं तसं.

तिचं हसू तिथंच वाळलं. हा माणूस झोपेत हं म्हणतो. बरोबर तिथंच म्हणतो, जिथं ती थांबते. मग इतके दिवस रोज दुपारी आपण कुणाला जागं ठेवत होतो?

३

त्यानंतर तो घरी झोपला की ती शेजारी बसून राहायची.

त्याचं घोरणं मोठं होतं, मुरमाचा टेम्पो रिकामा होताना आवाज व्हावा तसं. ते चालू असलं की तिला बरं वाटायचं. मग मध्येच ते थांबायचं. हळूहळू नाही, कापल्यासारखं. खोलीत कूलरचं पाणी ठिबकायचं, भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखालचं कॅलेंडर फडफडायचं, आणि तिच्या नवऱ्याची छाती हलायची नाही. ती बघत राहायची. मग एकदम पाण्यातून डोकं वर काढावं तसा तो घशातून हवा ओढायचा आणि घोरणं पुन्हा सुरू व्हायचं.

अशाच एका थांबण्यात तिनं त्याच्या नाकाखाली बोट धरलं. बोटाला काही लागलं नाही. ओठ मिटलेले. छातीवर दुसरा हात, तिथंही काही नाही.

"अहो," ती म्हणाली.

"हं."

बोट कोरडंच राहिलं. हाताखाली छाती हलली नाही.

श्रावस्तीच्या माहेरी भूत हा शब्द थट्टेतच यायचा. तिचे वडील शाळेत शिपाई होते. घरात काही विपरीत दिसलं तर आधी कारण शोधायचं, अशी त्यांची शिस्त. म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, ओठ मिटले, नाकाखाली बोट धरलं आणि हं म्हणाली. बोटाला ऊब लागली. पुन्हा म्हणाली, हळू, आणखी हळू. दर वेळी लागली. श्वास रोखून धरला तेव्हा आवाजच निघेना.

"काय करायलीस गं?" सुमनबाईंनी बाहेरून विचारलं.

"काय न्हाय, आत्या. मीठ बघायलेय."

मिठाला असं बघतात का, हे सुमनबाईंनी विचारलं नाही. श्रावस्तीच्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

४

हायवेच्या पंपावर ड्रायव्हर लोकांसाठी तपासणीचं शिबिर लागलं होतं. मांडव, चार खुर्च्या, डोळे तपासायला भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि तपासून घेईल त्याला दोन केळी. राजपाल यायला तयार नव्हता. तिनं त्याला केळ्यांच्या नावानं हसवून हसवून नेलं.

तिथं सगळेच ड्रायव्हर ठणठणीत होते. पाठ दुखते का, न्हाय. डोळ्यांपुढं अंधारी येते का, न्हाय. झोप पुरते का, लई.

"घोरता का?" डॉक्टरीणबाईंनी राजपालला विचारलं.

"न्हाय बा."

"घोरतात," श्रावस्ती म्हणाली. चार परक्या माणसांत ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं बोलली. "आणि मधीच थांबतात. श्वासच थांबतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्याची मान बोटांनी चाचपली, तोंड उघडायला लावून घशात उजेड पाडला. "झोपेत श्वास अडतो, मग मेंदू दचकून उठवतो. रात्रीतून कितीतरी वेळा. म्हणजे झोपूनही यांची झोप होतच नाही. ती मग दिवसा स्टिअरिंगवर वसूल होते. सोलापूरला झोपेची तपासणी करून घ्या. यावर मशीन असतं, माणूस चांगला होतो. पण तोवर गाडी नको. अजिबात नको."

राजपाल केळीच्या सालीकडं बघत होता.

"मॅडम," श्रावस्तीनं विचारलं, "श्वास थांबलेला असताना माणूस हं म्हणतो का?"

"श्वासाशिवाय आवाज निघेल कसा?" डॉक्टरीणबाई हसल्या. मग तिच्याकडं बघून हसायच्या थांबल्या. "का हो?"

"काय न्हाय. सहज."

परतताना राजपाल पुढं पुढं चालत होता. "गावभर झालं ना आता? ड्रायवरला झोपेचा आजार म्हणल्यावर गाडीला हात कोण लावू दील मला?"

"जिवापरीस गाडी मोठी हाय का?"

"माझी गाडी कंदी रेघंच्या भाईर गेलीया का? कुणाला घासली? सांग की." तो वळून तिच्यासमोर उभा राहिला. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. "इतकं बोलत आसतीस, माझा एक तरी हं चुकला का?"

"न्हाय," ती म्हणाली. "तेच तर."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी राजपाल झोपलेला होता आणि त्याचा फोन सापडत नव्हता. शंभुलिंगअण्णांचा फोन येईल म्हणून त्यानं झोपताना तो उशाशी ठेवायला सांगितला होता. श्रावस्तीनं शोधायला म्हणून आपल्या फोनवरून नंबर लावला. घरात कुठं वाजलं नाही. कॉल आपोआप उचलला गेला. म्हणजे गाडीत राहिला. गाडी समोर, टायरवाल्याच्या दुकानाशेजारी उभी होती.

ती फोन ठेवणार, तोच तिला ऐकू आलं. चाकांची घरघर. डांबरावरून भरलेली गाडी जाते तशी, एका सुरात.

"गाडीतच राहिला जणू," ती स्वतःशीच पुटपुटली.

"हं."

राजपाल तिच्यासमोर पालथा झोपला होता. त्याच्याकडून आवाज आला नव्हता. आवाज तिच्या कानातून आला होता.

ती अनवाणी बाहेर पळाली. ऊन डोक्यावर मी म्हणत होतं, रस्ता तव्यासारखा. गाडी होती तिथंच उभी, काचा वर, इंजिन बंद. चाकाला टेकून एक कुत्रं निवांत झोपलं होतं. ती पायरीवर चढली आणि काचेला डोळे लावले. फोन डॅशबोर्डवर, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी पडला होता, आणि पडद्यावर तिचं नाव उजळलेलं होतं. ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नव्हतं. मागच्या झोपायच्या फळीचा पडदा ओढलेला होता. कानातली घरघर चालूच होती.

पडदा हलत होता. चालत्या गाडीत हलावा तसा, थोडा पुढं, थोडा मागं.

तिनं कॉल तोडला. पडदा थांबला, की आधीच थांबला होता, हे तिला नंतर कितीही आठवलं तरी ठरवता आलं नाही. काचेवर उन्हाची तिरीप होती. तिरीप हलली असेल. रस्त्यावरून दुसरी गाडी जात असेल, तिची घरघर असेल. तिनं कारणं मांडली. हं सोडून सगळ्याला कारण होतं.

घरात येऊन तिनं सुमनबाईंना सांगितलं. त्या ज्वारी पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं.

"बोललीस त्येच्यासंग?"

"कुणासंग, आत्या?"

सुमनबाई सुपाकडंच बघत म्हणाल्या, "तुजे सासरे ड्रायवरच हुते, ठावं हाय न्हवं तुला. त्येंच्या टायमाला क्लीनर आसायचा. त्ये गेले तवा क्लीनर म्हणला, काकू, म्या हुमनाबादपसून बोलतच हुतो, मालक रस्ताभर हं म्हणत हुते. सांजच्याला गाडी हैदराबादला पोचली. रांगंत लागली, शिस्तीत, वाकडी न्हाय, तिकडी न्हाय. मंग क्लीनरनं खाली उतराया हात धरला."

"मग?"

"डाक्टर म्हणला, सकाळीच गेल्यात." सुमनबाईंनी सूप उचललं. "गाडी पोचली म्हणजी माणूस पोचला, आसं न्हाय पोरी."

६

अण्णांचा फोन आलाच. उमरग्यातून तूर भरून सोलापूरला पोचवायची, तिथनं पुढं हैदराबादचा माल. राजपाल "व्हय अण्णा, व्हय अण्णा" म्हणत राहिला.

श्रावस्तीनं चावी पिठाच्या डब्यात पुरली. त्यानं कोनाडे बघितले, पँटीचे खिसे बघितले, मग तिच्यासमोर येऊन उभा राहिला. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो नुसता हात पुढं करून उभा होता, आणि उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटत होते.

"श्रावस्ते. चावी."

"मी पाया पडते तुमच्या. तपासणी होईस्तोवर नका जाऊ."

"सोलापूरलाच निघालोय न्हवं? तूर उतरली की गाडी अण्णाच्या मानसाच्या ताब्यात दितो. हैदराबादला त्यो जाईल. आपुन दोघं तपासनीला जाऊ. शपथ."

"शपथ?"

"माझ्या बापाची."

ती शपथ तिला आवडली नाही. पण तपासणी सोलापुरातच व्हायची होती आणि मध्ये एवढाच रस्ता होता. शेवटचा. "मग मी बी येते," ती म्हणाली. "क्लीनरच्या सीटवर. फोनवर नको, समोर बसून बोलते. डोळं मिटलं तर मला दिसंल."

गाडी भरताना त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर जॅक पडला. नख काळंनिळं झालं. तिनं आपल्या जुन्या हिरव्या साडीची काठासकट पट्टी फाडली आणि अंगठा बांधून दोन गाठी मारल्या. "आता पळायचं कसं तुला सोडून?" तो म्हणाला, आणि तेवढं तरी हसला.

निघताना सुमनबाई दारापर्यंत आल्या. सुनेच्या हातात पाण्याची बाटली दिली. "डोळ्यावर मारायला ऱ्हाऊ दी," एवढंच म्हणाल्या.

७

ऊन उतरायचं नाव घेत नव्हतं. येणेगूर मागं पडलं. राजपालनं चप्पल काढून ठेवली होती, पट्टी बांधलेला अंगठा ॲक्सिलरेटरच्या कडेला दिसत होता. श्रावस्ती त्याच्या डोळ्यांवर नजर ठेवून बोलत होती.

"...तर म्हैस मांडवात शिरली. नवरदेवाचा मामा खुर्चीवर उभा."

"हं."

"दगडाबाई म्हणते, घाबरू नका, ती लग्नाच्या माणसांना काय करत न्हाय."

"हं."

पापण्या जड होत होत्या. ते तिला दिसत होतं. "थांबूया का? झाडाखाली पडा जरा."

"नळदुर्गला थांबू."

तोंडावर पाणी मारायला म्हणून तिनं बाटलीकडं हात नेला. गाडीला हिसका बसला, बाटली निसटून सीटमागं गेली. ती वाकली. वाकतानाही ती बोलतच होती, आता तिची तीच सवय होती. "मामा म्हणतो, आधी म्हैस बाहेर काढा, मग साखर वाटा."

"हं."

बाटली मागच्या पडद्याखाली सरकली होती. तिनं चाचपत हात घातला. हाताला कापड लागलं. पट्टीचं. तिनं बोटं फिरवली. काठ. दोन गाठी.

तिनं पडदा वीतभर बाजूला केला.

फळीवर राजपाल झोपला होता. कुशीवर, गुडघे पोटाशी, हात गालाखाली. घरी तो कधी असा झोपायचा नाही. हिरवी पट्टी बांधलेला पाय तिच्या हातात होता.

गाडी चालत होती. गिअर बदलला गेला. पुढं सायकलवाला होता, त्याला जागा देऊन गाडी अलगद रेघेत आली.

श्रावस्ती सीटवर तशीच वाकडी बसून राहिली, तोंड मागं. उजवीकडं, ड्रायव्हरच्या सीटकडं बघायचं नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. डोळ्याच्या कोपऱ्यात स्टिअरिंगचा काळा गोल होता आणि त्यावर दोन हात होते. मनगटांच्या वर तिनं नजर जाऊ दिली नाही.

"अहो," तिनं अंगठा हलवला. "अहो, उठा."

"हं," उजवीकडून आलं.

तिनं दुखऱ्या नखावर जोरानं दाबलं. पाय हलला नाही. "अहो, राजपाल!" लग्न झाल्यापासून तिनं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"हं."

"गाडी थांबवा."

"हं."

गाडी थांबली नाही.

तेव्हा फळीवरचं घोरणं कापल्यासारखं थांबलं. आतापर्यंत ते चालू होतं, हेच तिला थांबल्यावर कळलं. ती बोलायची बंद झाली. पडद्यात कान घालून ऐकू लागली. एकच श्वास. तेवढा आला की झालं. तो पाण्यातून डोकं काढल्यासारखा येतो, तिला माहीत आहे, थोडं थांबावं लागतं.

चाकं रेघ ओलांडून पलीकडच्या अंगाला गेली. पत्रा खडखडला. समोरून हॉर्न आला, लांबच लांब, जवळ येत येत.

"तर म्हैस!" ती ओरडली. "म्हैस काय बाहेर निघंना! मग दगडाबाईनं तिच्यापुढं पेढ्याचं ताट धरलं!"

गाडी रेघेत आली. समोरची एसटी खिडकीला वारा घालून गेली. पुढच्या काचेतून तिच्यातली एक बाई दिसली, मूल मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेली.

"हं."

मग श्रावस्तीला सगळं कळलं, म्हणजे जेवढं कळायला हवं तेवढं. बोललं तर गाडी रेघेत राहते, पण बोलताना श्वास ऐकू येत नाही. श्वास ऐकायचा तर गप्प बसावं लागतं. पट्टीवर तिची बोटं घट्ट होती. पाय गरम होता. पण गाडीतलं सगळंच गरम होतं. सीट गरम होती, पत्रा गरम होता, बाटलीतलं पाणी गरम होतं.

ती बोलत राहिली. पेढे खाल्लेली म्हैस, चिडलेला मामा, म्हशीच्या शिंगात अडकलेली तोरणाची माळ. नळदुर्ग आलं आणि गेलं. कुणी थांबलं नाही. सोलापूरची पाटी आली. तिथं मशीन होतं, माणूस चांगला होत होता. ती बोलत राहिली. घसा कोरडा पडला, शब्द अडखळले, साखरपुड्यातली सगळी माणसं संपली, म्हैस घरी गेली, दगडाबाईनं तिला दाव्याला बांधलं. त्यापुढं तामलवाडीत कधी काही घडलंच नव्हतं.

तिला श्वास घ्यावा लागला. तेवढ्यापुरती ती थांबली, नेहमी थांबायची तशीच, आणि दोन्ही हातांनी तो अंगठा धरून पडद्याआड ऐकू लागली.

आतून काही आलं नाही.

उजवीकडून, चाकांच्या घरघरीतून, गोष्ट अजून संपू नये असं वाटणाऱ्या पोरासारखं कुणीतरी पहिल्यांदाच हं सोडून दुसरं काहीतरी म्हणालं.

"मग?"